वईपलीकडचं अळू

“बाई, तुमच्या घरात हल्ली कोन तोंड धुवत नाय काय गो?”

डिसेंबरातली सकाळ. सिद्धगडावरून उतरलेला गारठा अजून अंगणातच ठाण मांडून होता. मी पिळाचे कपडे घेऊन मागच्या दारी आले, तर वईपलीकडून काकींचा हा सवाल. वई म्हणजे आमच्या दोन घरांमधलं कुंपण. निरगुडी, एरंड, मधे बांबूच्या कामट्या, आणि कामट्या मोडल्या तिथं काकींच्या जुन्या निळ्या साडीचा पदर. अठरा वर्षांत या वईवरून काय काय इकडचं तिकडं गेलं, त्याचा हिशेब ठेवायचा तर शाळेत एक जादा रजिस्टर घालावं लागेल. विरजण गेलं, खलबत्ता गेला, पोरांच्या तापाला काढा गेला. बातम्या तर विचारूच नका.

“धुतात की, काकी. पाच माणसं, पाच तोंडं.”

“मग माजं अळू का मान टाकून बसलंय?”

अळवाचा आमच्या तोंडांशी काय संबंध, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आम्ही घराला लागून न्हाणीघर बांधलं. फरश्या, नळ, सगळं. न्हाणीचं पाणी पश्चिमेला शोषखड्ड्यात जातं. भिंतीत बेसिनसाठी म्हणून गवंड्यानं एक वेगळा पाईप पूर्वेला काढून ठेवला होता. तो निघतो थेट वईपाशी. काकींनी तेव्हाच बजावलं होतं, “त्यो पाईप माज्याकडं तोंड करून सोड, माजं अळू जगंल.” दोन वर्षं तो पाईप कोरडाच राहिला, कारण बेसिन नव्हतं. यंदा दिवाळीत कल्याणच्या नणंदबाईंनी भाऊबिजेची उलटी ओवाळणी म्हणून भावाला बेसिन दिलं. चांगलं रुंद, पांढरंशुभ्र. म्हसा गावच्या बाजारातून एक पोरगा आला, दोन तासांत बसवून गेला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गुळण्या, दाढ्या आणि हात धुतल्याचं पाणी काकींच्या दारी. दिवाळी ते डिसेंबर अळू असं माजलं, की काकींनी तीनदा वड्या दिल्या. आणि आता ते मान टाकून बसलं होतं.

“पानी दुसरीकडं वळवलंस काय?” काकींनी डोळे बारीक केले.

“छे हो.”

“नाय, वळवलंस तर सांग. राग नाय माजा. पन सांग.”

राग नाही असं काकी म्हणतात तेव्हा तो पुरता आलेला असतो.

मी आत जाऊन बेसिनखाली वाकून पाहिलं. लादी ओली. आता न्हाणीघरातली लादी ओली नसेल तर काय कोरडी असेल? आमच्या ह्यांनी तेच ऐकवलं. “बादलीचं पाणी उडतं.” पण बोट फिरवलं तर त्या पाण्याला पेस्टचा वास. बादलीत कोणी दात घासत नाही.

म्हणजे झालं होतं असं, की तोंड धुतलेलं पाणी बाहेर वईकडं जायचं सोडून बेसिनखालीच गळत होतं, तिथून लादीवरून जाळीत, जाळीतून शोषखड्ड्यात. संध्याकाळपर्यंत लादी सुकायची. घरातल्या पाचही माणसांना पत्ता नाही. कळलं ते फक्त अळवाला.

(ती लादीतली जाळी आणि तिच्याखालचं भांडं, त्याला इंजिनियर लोक पुस्तकात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकातसुद्धा. आपली न्हाणी तिकडं पोचली आणि आपल्या घरात मात्र बाथरूम आलं. असो.)

“काय बगितलंस?” काकी वईवरच होत्या. हातातली भेंडीची टोपली कंबरेवर तशीच.

“गळतंय, काकी.”

“कुठनं?”

हा ‘कुठनं’ पुढचे तीन आठवडे चालला.

बेसिनखाली काय होतं ते सांगते. बेसिनच्या भोकाला वेस्ट कपलिंग असतं, ती चकचकीत चाळणी. तिच्या खालच्या टोकाला त्या पोरानं पांढरा, वळ्यावळ्यांचा, ओढला की लांब होणारा पाईप लावला होता. अकॉर्डियनसारखा. आणि भिंतीतला पाईप? तो कपलिंगच्या बरोबर मागं नव्हताच. चार इंच उजवीकडं. शिवाय बराच वर. म्हणजे पोरानं काय केलं, पांढरा पाईप खाली सोडला, मग वर वळवला, मग उजवीकडं ओढला आणि भिंतीतल्या पाईपाच्या तोंडात कोंबला. भिंतीतलं तोंड रुंद, हा बारीक. मधली फट बुजवायला दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून घातलेली आणि वरून एम-सीलचा लपका. मी पेन्सिलीनं तो लपका टोचला तर खपली पडावी तसा पडला.

“म्हंजे लगीन जमलंच नव्हतं,” काकी म्हणाल्या, “बळंबळं गाठ मारली.”

काकींना सगळं लग्नात दिसतं, कारण त्या जमवतात. माझ्या धाकट्या दिरासाठी त्यांनी चार स्थळं आणली. चारही भाऊजींनी परतवली. पाचवं त्यांच्या पोटात होतं, पण त्या बोलत नव्हत्या. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

“पण बेसिन पाईपाच्या समोरच का नाय लावलं? भोक आधीचं, बेसिन मागाहून आलेलं.”

इथं घरातली भानगड बाहेर काढावी लागली. भाऊजींनी दोन वर्षांपूर्वीच आरसा लावला होता. भिंतीच्या मधोमध आणि स्वतःच्या उंचीनं. ते सहा फूट, आमचे हे त्यांच्याहून बोटभर कमी. मला त्या आरशात कपाळापासून वरचं दिसतं, टिकली मी अंदाजानं लावते. तर बेसिन आलं तेव्हा भाऊजी त्या पोराला म्हणाले, आरशाच्या बरोबर खाली घे. त्यानं घेतलं. फरशीला भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या, बेसिन टांगलं, आणि मग खाली वाकून पाहिलं, तर पाईप बाजूला.

गवंड्यानं पाईप काढला तेव्हा आरसा नव्हता. भाऊजींनी आरसा लावला तेव्हा बेसिन नव्हतं. पोरगा आला तेव्हा गवंडी ओतूरला पुतणीच्या लग्नाला गेलेला. तिघं एकदासुद्धा एकमेकांशी बोलले नाहीत.

“आनि भोगतंय कोन? माजं अळू,” काकी म्हणाल्या आणि टोपली घेऊन गेल्या.

मी ह्यांना म्हटलं, कोणाला तरी बोलवा. ते म्हणाले, यात्रा झाली की. इकडं यात्रा म्हणजे म्हशाची, पौष पौर्णिमेची. तिच्या आधी कुठलंही काम काढायचं नाही आणि तिच्यानंतर काढायला पैसे नसतात.

त्यात यंदा तारखा अशा आल्या, की २ जानेवारी आणि पौष पौर्णिमा अगदी पाठीला पाठ लावून. २ जानेवारी आमच्या भागात काय असते, हे मुरबाड-कर्जतच्या माणसाला सांगायला नको. १९४३ साली त्या दिवशी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. बेचाळीसच्या धामधुमीत आझाद दस्ता उभारून मुंबईकडं जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडत होते. दर वर्षी त्या तारखेला पायथ्याच्या स्मारकापाशी माणसं जमतात. थंडीत, अंधारात, कानटोप्या घालून. मी दर वर्षी शाळेची मुलं नेते. नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं आदल्या रात्री आमच्याकडं मुक्कामाला. मग पहाटे स्मारक, दुसऱ्या दिवशी म्हसा, घोंगडी, बैलबाजार, असा बेत.

पहाटे चारला जावईबापू तोंड धुवायला गेले. पायात मोजे. शहरातले मोजे, जाड लोकरीचे. त्यांनी बेसिनमध्ये पाणी भरलं. भोकाला बूच लावून पाणी साठवायचं आणि त्यात तोंड बुचकळायचं ही कल्याणची पद्धत असावी. मग बूच काढलं. एवढं पाणी एकदम आलं, आणि तो अकॉर्डियन जो भिंतीतून सुटला, तो बेसिनभर फेसाळ पाणी त्यांच्या मोज्यांवर. ओरडणं ऐकून मी धावले, तर जावईबापू एका पायावर उभे आणि खाली तो पांढरा पाईप कापलेल्या पालीच्या शेपटीसारखा हलतोय.

घराच्या जावयाचे पाय धुतात आपल्याकडं, पण असे नाही.

वर्षातला एकच दिवस मुलांना वेळेवर या म्हणून मी दटावते, आणि त्या दिवशी मीच उशिरा पोचले. स्मारकापाशी काकी आधीच शाल लपेटून उभ्या. इतक्या गर्दीत, इतक्या शांततेत, त्या माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या, “पाईप सुटला ना? चारला वरडला कोन त्यो?” मी नुसती मान हलवली. बाकीचं वईवर.

दुसऱ्या दिवशी म्हशात सगळे बैल बघत असताना आमचे हे हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि खोक्यातली एक वस्तू घेऊन आले. बॉटल ट्रॅप. बाटलीसारखी लोंबणारी, आरशासारखी चमकणारी. मोज्यांची लाज त्यांना लागली होती. रात्रीच बसवायला घेतली. भाऊजी टॉर्च धरून, हे पालथे, मी दाराशी.

ही बाटली कशाला, हा प्रश्न काकींनी पुढं विचारलाच, तर इथंच सांगते. सरळ पाईप टाकला तर पाणी जातं, पण पाणी गेल्यावर पाईप मोकळा राहतो आणि बाहेरचं सगळं आत येतं. वास येतो, झुरळं येतात. गेल्या पावसाळ्यात त्या कोरड्या पाईपातून एक गोम आमच्या न्हाणीघरात येऊन गेली. पाईपाला मधे वाकण किंवा वाटी दिली की प्रत्येक वेळी थोडं पाणी तिथं साठून राहतं आणि तेच दाराला कडी घालतं. अशी वाकण देऊन १७७५ साली लंडनमध्ये शौचकूपाचं पेटंट घेणारा अलेक्झांडर कमिंग मुळात घड्याळजी होता. तेव्हा आमच्या ह्यांनी मोटारपंप दुरुस्त करता करता नळकामात हात घालण्यात नवल नव्हतं. फक्त कमिंगनं आधी विचार केला असावा.

ह्यांनी बाटली कपलिंगला लावली. तिचा आडवा दांडा भिंतीकडं जायला हवा. भिंतीतलं भोक चार इंच उजवीकडं आणि दोन इंच वर. दांडा काही रबराचा नाही. ह्यांनी बाटली तिरकी केली. बाटली तिरकी झाली तशी वरची चकती एका बाजूनं दबली, दुसऱ्या बाजूनं उघडी राहिली. ती बसावी म्हणून पान्यानं नट आवळला. थेंब थांबला. आणखी थोडा आवळला, पुन्हा थेंब. मग जोर लावून आवळला. कट्. नटाला चीर.

आम्ही तिघांनी तो आवाज ऐकला आणि तिघंही बोललो नाही.

“कट् झालं ते ऐकलं मी,” सकाळी काकी. “अंथरुनात.”

“काकी, तुम्हाला इतकं ऐकू येतं?”

“आमच्या घरात बोलायला कोन हाये? मग दुसऱ्यांचं ऐकायचं.” आणि मग थोडं थांबून, वईचा निळा पदर बोटाला गुंडाळत, “माजा भाचा येतोय आज यात्रेला. मुंबईला बिल्डिंगींची कामं करतो पाइपाची. तासभर धाडते तुज्याकडं. पैशे-बियशे काय काढू नको.”

काकींचं माहेर शहापूर तालुक्यात, तानसाच्या बाजूला. इंग्रजांनी १८९२ मध्ये पुरं केलेलं ते धरण, त्याचं पाणी मुंबईला. त्याच्या पाईपात माणूस ताठ उभा राहील. काकी लहानपणी त्या पाईपाला कान लावून बसायच्या म्हणे, आत मुंबईचं पाणी वाजायचं, आणि घरी आई डोक्यावर हंडा घेऊन दोन टेकड्या ओलांडून आलेली असायची. आजही उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर जातो. तेव्हा पाणी आणि पाईप या विषयावर काकींशी कोणी हुज्जत घालत नाही.

रविवारी दुपारी भाचा वईतूनच आला, पुढच्या दारानं नाही. पंचविशीचा, सडपातळ, पाठीवर पोतडी. आधी चहा घेतला. चहा घेताना त्यानं घर पाहिलं, म्हणजे नजर फिरवली. छत, देव्हारा, भिंतीवरचा भाऊजींचा आयटीआयचा दाखला. मला वाटलं, कारागिराची सवय.

न्हाणीघरात गेल्यावर त्यानं पान्याला हात लावला नाही. एका दोऱ्याला नट बांधला, दोरा कपलिंगच्या मधोमध धरला आणि सोडला. ओळंबा. नट हलून हलून थांबला तिथं लादीवर पेन्सिलीनं फुली. मग भिंतीतल्या भोकापासून खाली तसाच ओळंबा, दुसरी फुली. दोन फुल्यांमध्ये टेप लावली.

“एकशेपाच,” तो म्हणाला. ही लोकं मिलिमीटरमध्ये बोलतात. “चार इंच म्हणा. आणि दांड्यापेक्षा भोक दोन इंच वर.”

“पाणी वर चढायचं कसं?” भाऊजींनी विचारलं.

“नाहीच चढत. म्हणून तर गळतं.”

भाऊजी गप्प झाले. आरशाकडं मात्र बघितलं त्यांनी.

मी विचारलं, भिंत फोडून पाईप सरकवता येईल का? तो म्हणाला, येईल, पण अशी फरशी आता मिळणार नाही, जोड दिसेल. बेसिन सरकवलं तर? जुनी चार भोकं दिसतील. “त्यापेक्षा मधलंच नीट करू. बाजूचं आणि उंचीचं, दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हीला एकच औषध देऊ नका.”

हे वाक्य मी वईवर काकींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू भाच्याला पद्मश्री मिळाली.

उंचीचं दुखणं त्यानं आधी घेतलं. बाटलीत वरून उतरणारी जी उभी नळी असते, ती लांब असते. दुकानात सगळ्यांना पुरावी म्हणून लांबच देतात. ह्यांना वाटलं तेवढी ठेवावीच लागते. त्यानं ती बाहेर काढली, टेप लावली, हॅक्सॉनं दोन इंचांहून थोडी जास्त कापली, कड कानशीनं घासली. बाटली तेवढी वर सरकली. आता दांडा भोकाच्या किंचित वर.

“वर कशाला? समोरासमोर नको?”

“फुटाला दोन सूत ढाळ.” सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुताराच्या पट्टीवरचा. म्हणजे फुटाला पाव इंच उतार. “यापेक्षा कमी दिलात तर पाणी रेंगाळतं. जास्त दिलात तर पाणी पळतं आणि केस मागं राहतात.”

मग बाजूचं. बाटली आपल्या अंगाभोवती फिरते, तिचं तोंड भोकाकडं वळवता आलं असतं. पण मग दांडा भिंतीत तिरका घुसतो आणि रबराची रिंग एका अंगानं उघडी पडते. ह्यांची तिरकी बाटली तीच, फक्त आडवी झाली असती. त्यानं चकाकणारा दांडा काढून माझ्या हातात दिला, “शोभेला ठेवा,” आणि त्याच मापाचा बत्तीसचा पीव्हीसी पाईप घेतला. दोन बेंड. नव्वदचे नाही, पंचेचाळीसचे. एकानं पाईप हलकेच उजवीकडं कलला, दुसऱ्यानं पुन्हा भिंतीसमोर सरळ झाला. नदी जशी टेकाडाला वळसा घालते तशी.

सगळं आधी सुकंच जोडून पाहिलं. जोडावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या, काढलं, मग सोल्युशन लावून रेघेला रेघ मिळवत पुन्हा बसवलं. भिंतीतल्या चाळीसच्या पाईपात रबराची रिंग, तिला साबणाचा हात, आणि पाईप आत. एम-सील नाही, पिशवी नाही. नवा नट त्यानं बोटांनी फिरवला, बोटं थांबली तिथं पान्यानं पाव वेढा. बस्स. आमचे हे बघत होते. त्यांचा हात दोनदा पान्याकडं गेला आणि परत आला.

हे सगळं होताना तो खालून पालथा पडल्या पडल्या भाऊजींशी बोलत होता. भाऊजी टॉर्च धरून.

“एमआयडीसीत कुठल्या शिफ्टला?”

“आलटून पालटून.”

“रात्रपाळीचे वेगळे देतात?”

“देतात.”

“पान वगैरे?”

“नाही.”

“टॉर्च जरा डावीकडं.”

मला वाटलं, कामात माणसं बोलतातच.

आता परीक्षा. आतला जोड ठीक, पण भिंतीच्या आतून पाणी बाहेर पूर्ण निघतंय का? दोन वर्षं कोरडा, मग दीड महिना निम्मं पाणी; आत काय साठलंय कोणास ठाऊक. भाचा म्हणाला, रंग टाका. मी हळद आणली. बेसिन काठोकाठ भरलं, त्यात दोन चमचे हळद कालवली. पूजेच्या कलशासारखं दिसायला लागलं. बाहेर पाईपाच्या तोंडाशी काकी उकिडव्या बसल्या, त्यांच्या बाजूनं, वईतून डोकं घालून.

“सोडू काय, मावशी?” भाचा आतून.

“सोड!”

बूच काढलं. बेसिनमध्ये भोवरा. गुळगुळ, मग एक मोठा ढेकर. आम्ही सगळे बाहेर पळालो. पाईपाचं तोंड गप्प. काकी त्यात डोळा घालून बघताहेत.

“आत्ये, डोळा काढ!” भाच्याच्या तोंडून घाईत आत्या निघालं आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं, की तो काकींच्या भावाचा मुलगा आहे आणि त्याला बहीण आहे. पण लक्ष पाईपाकडं. आधी एक काळी गुठळी आली, सिमेंट आणि केसांची, मग थोडं गढूळ, आणि मग पिवळंधमक.

“आलं गो पिवळं! हळद लागली!” काकी ओरडल्या, आणि वाडीतल्या तीन घरांतून माणसं बाहेर आली, कोणाची हळद म्हणून.

पिवळं पाणी चारीतून अळवाच्या बुंध्याशी गेलं. भाच्यानं आतल्या प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा सुका कपटा फिरवला. ओला होतो का बघायला. एकही नाही. बाहेरच्या तोंडाला तारेची जाळी बांधली, गोमीसाठी. पैसे घेतले नाहीत. घोंगडीचा भाव मात्र विचारला, म्हशात फसवतात का म्हणून, आणि वईतून परत गेला.

काकी संध्याकाळी आपल्या जागेवर. अळवाकडं बघत म्हणाल्या, “तानसाचं पानी भांडुपपर्यंत जातं, मधे पंप नाय काय नाय. निस्ता ढाळ. एवढे डोंगर, एवढं रान, सगळं वलांडून. आनि तुमच्या बेसिनपासनं माज्या अळवापर्यंत चार हात, तर तीन आठवडे.”

“झालं ना आता, काकी.”

“झालं.”

चार दिवसांत अळवानं मान वर केली. आठव्या दिवशी काकींनी वड्यांची ताटली वईवर ठेवली. झाकलेली, वर फडकं. ताटली नेहमीपेक्षा मोठी होती, हे मी पाहिलं.

“भाच्याचा फोन आला व्हता,” त्या म्हणाल्या, अगदी सहज, एरंडाचं वाळकं पान काढत. “पोचला म्हंजे. कामाचं विचारत व्हता, थेंब-बिंब नाय ना.”

“एक थेंब नाही.”

“घर बरं हाये म्हनला तुमचं. मानसं साधी. देव्हारा पुसलेला. मोरी सवच्छ.”

मी ताटली उचलायची थांबले.

“तुज्या दिराचं पन बरं बोलला. वरडत नाय, टॉर्च सांगंल तिथं धरतो.”

“काकी.”

“मी काय म्हनते, पोरगी बारावी झालीय. शहापूरला शिवणकलासला जाते. अळूवड्या तिच्या हातच्या हायेत त्या, कालच आलीय माज्याकडं, चार दिस ऱ्हाईल.” काकींनी मागं वळून घराकडं पाहिलं. दारात ओढणीचा एक कोपरा होता, तो आत गेला. “भाच्याचं एकच म्हननं पडलं.”

“काय?”

“त्यो तुमचा आरसा. फार वर लावलाय म्हनला. आमच्या पोरीची उंची पाच फूट.”

मी ताटली घेऊन आत गेले. भाऊजी रात्रपाळीहून येऊन दाढी करत होते, आरशात बघत. मी त्यांच्यासमोर वड्या ठेवल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले.